ललिता पवार : दंतकथा आणि आख्यायिका

दीर्घकाळ रुपेरी पडद्यावर वावरलेल्या अभिनेत्रीला ‘लेजंड’ म्हणण्याची प्रथा आता इतकी सार्वत्रिक झाली आहे की, त्या शब्दाने काही सांगितले जाते की केवळ आदर व्यक्त केला जातो, हे ठरविणे कठीण व्हावे. सत्कारसमारंभातील भाषणे, मृत्युलेख, स्मरणिका यांतून तो सारख्याच उदारपणे वाटला जातो. आदरास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु आदराची परिभाषा समीक्षेच्या कामी येत नाही. अमुक अभिनेत्री सहा-सात दशके काम करीत होती, हे विधान तिच्या चिकाटीचे आणि प्रकृतीचे वर्णन झाले. दीर्घ सेवा हा निवृत्तिवेतनाचा आधार होय, कलाविमर्शाचा नव्हे. तेव्हा हे अभिधान कोणाला लावावे आणि का लावावे, याचा विचार एखाद्या प्रत्यक्ष उदाहरणावरून करणे इष्ट ठरेल. त्या दृष्टीने ललिता पवार यांच्याइतके बोधप्रद, आणि तितकेच अडचणीचे, दुसरे उदाहरण मराठी माणसाला सहसा सापडणार नाही.

प्रथम शब्दाचा विचार करणे प्राप्त आहे. ‘लेजंड’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘वाचावयाचे ते’ असा आहे. मध्ययुगीन ख्रिस्ती मठांतून साधुसंतांची जी चरित्रे नेमाने वाचली जात, त्यांना हे नाव होते. मराठीत या एका शब्दाच्या जागी दोन शब्द उभे राहतात : दंतकथा आणि आख्यायिका. व्यवहारात ते आपण पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरतो. परंतु संस्कृत साहित्यशास्त्रात ‘आख्यायिका’ ही कल्पित कथेहून वेगळी मानलेली होती. भामहाच्या मते आख्यायिकेत नायक आपले घडलेले वृत्त स्वतःच निवेदन करतो; कथेवर असे बंधन नाही. बाणभट्टाचे ‘हर्षचरित’ ही आख्यायिका आणि ‘कादंबरी’ ही कथा, हे उदाहरण सर्वपरिचित आहे. दंडीने हा भेद मानला नाही, हे खरे. तरीही घडलेल्या गोष्टीचा आधार असलेली ती आख्यायिका आणि केवळ एका मुखातून दुसऱ्या मुखात जाणारी ती दंतकथा, एवढा विवेक प्रस्तुत विषयापुरता फार उपयोगी आहे. कारण ललिताबाईंच्या बाबतीत दंतकथा इतकी बळकट झाली आहे की, तिच्याखाली आख्यायिका दबून गेली आहे.

त्यांचा जन्म १९१६ साली नाशिक जिल्ह्यातील येवले येथे झाला. मूकपटांच्या काळातच, लहान वयात, पुण्याच्या आर्यन फिल्म कंपनीच्या चित्रपटांतून त्या पडद्यावर आल्या. पुढे त्यांनी नायिकेच्या भूमिका केल्या, ‘कैलास’ (१९३२) या मूकपटाच्या निर्मितीत भाग घेतला आणि त्याच दशकात टॉलस्टॉयच्या ‘पुनरुत्थान’ या कादंबरीवरून ‘दुनिया क्या है’ हा बोलपट काढून त्यात स्वतः काम केले. वि. स. खांडेकरांच्या कथेवरील मास्टर विनायकांच्या ‘अमृत’ (१९४१) मध्येही त्या होत्या. म्हणजे ज्या अपघाताने त्यांचे जीवन बदलले असे सांगतात, त्यापूर्वी त्यांच्यामागे एका तपाहून अधिक काम जमा होते. सामान्य प्रेक्षकाला यातले काहीच ठाऊक नसते. त्याच्या लेखी ललिता पवार १९४२ नंतर, आणि तेही वृद्ध होऊनच, जन्माला आल्या.

हा अपघात म्हणजेच त्यांच्याविषयीच्या दंतकथेचा गाभा. ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात सहनट मास्टर भगवान यांना त्यांच्या मुखात मारावयाची होती. चपराक बेतापेक्षा फार जोराने बसली. चेहऱ्याच्या अर्ध्या भागातले बळ गेले. तीन वर्षे उपचार झाले. डाव्या डोळ्यात कायमचे व्यंग राहिले. नायिका संपली आणि खाष्ट सासू जन्मास आली. घटनेच्या सत्यतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तो डोळा पडद्यावर आहेच. परंतु कथा ज्या रूपात सांगितली जाते ते रूप तपासले, तर तिचे सांधे दिसू लागतात. सांगणारे बहुधा भगवान यांना ‘नवखा नट’ म्हणतात. वस्तुतः ते मूकपटांपासून पडद्यावर होते आणि १९४० पूर्वीच दिग्दर्शनही करू लागले होते. चपराक १९४२ सालची आणि उपचार तीन वर्षांचे, असा हिशेब दिला जातो. पण प्रभातचा ‘रामशास्त्री’ १९४४ साली प्रदर्शित झाला आणि त्यात आनंदीबाईची महत्त्वाची भूमिका ललिताबाईंनी केली आहे. तेव्हा एक तर उपचार चालू असतानाच काम सुरू झाले असावे, किंवा वर्ष वा मुदत यांपैकी एक आकडा कथेच्या सोयीचा असावा. दंतकथेला नवखा नट हवा असतो, कारण त्यामुळे अपघात निर्हेतुक ठरतो. आणि तिला तीन वर्षांचा अज्ञातवास हवा असतो, कारण त्यामुळे पुनरागमनाला शोभा येते.

कलावंताने आपल्या कलेचे मोल देहाने किंवा दुःखाने चुकते केले, असे ऐकण्याची रसिकांना पूर्वापार ओढ आहे. १९११ साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगादिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली आणि तरीही ते रंगभूमीवर उभे राहिले, ही हकीकत मराठी घरांत किती पिढ्या सांगितली जात आहे! तिच्या सांगण्याने भामिनीच्या भूमिकेविषयी मात्र एक अक्षरही कळत नाही. चपराकेच्या कथेचेही तसेच आहे. परंतु तिने त्याहून मोठे नुकसान केले आहे. बालगंधर्वांच्या हकीकतीत दुःख आणि कला शेजारी शेजारी उभी राहतात. ललिताबाईंच्या हकीकतीत व्यंग हेच कलेचे कारण ठरविले जाते. डोळा बारीक झाला म्हणून नजर कपटी झाली, नजर कपटी झाली म्हणून खलभूमिका मिळाल्या, आणि खलभूमिका मिळाल्या म्हणून कीर्ती झाली, अशी ही कार्यकारणाची साखळी आहे. यात अभिनयाला जागाच नाही. एका स्त्रीची अर्धशतकाची विद्या दुसऱ्याच्या तळहाताच्या खाती जमा होते.

ही साखळी तोडण्यास फार पुरावा लागत नाही. तोच डोळा ‘श्री ४२०’ (१९५५) मध्ये आहे आणि तोच ‘अनाडी’ (१९५९) मध्ये. मुंबईच्या फुटपाथवर केळी विकणारी गंगामाई गिऱ्हाइकाशी जी घासाघीस करते, तिच्यात त्या नजरेचा उपयोग कपटासाठी कोठे होतो? राजू भावाचे आकडे उलटेपालटे करून विचारतो आणि केळेवाली त्याच्या उलट्या हिशेबावर भडकते. हा विनोद लेखकाचा आहे. पण तो टिकतो ललिताबाईंच्या गांभीर्यामुळे. हसविण्याची त्यांना जराही घाई नाही. दिवसभर उन्हात बसलेल्या बाईला एका आण्याचा फरक किती मोठा असतो, हे त्यांच्या चेहऱ्यावर आधी दिसते आणि मग आपण हसतो. पुढे हीच बाई त्या परक्या पोराची आई होते, तेव्हा व्यक्तिरेखेत कोठेही सांधा पडलेला जाणवत नाही, कारण तिच्या रागातच आपुलकी मुरलेली होती.

त्याच १९५५ सालच्या ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ मध्ये त्या श्रीमंत, सुशिक्षित, पुरुषद्वेष्ट्या सीतादेवी आहेत. हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाची तरतूद केली तेच हे वर्ष. गुरुदत्तांच्या या चित्रपटाने स्त्रियांच्या हक्कांची बाजू घेणारी बाई थट्टेसाठी उभी केली, आणि त्या थट्टेला चेहरा ललिताबाईंचा दिला. ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. हुंड्यासाठी सुनेला गांजणारी ‘दहेज’ (१९५०) मधली सासू आणि घटस्फोटाच्या कायद्याचा पुरस्कार करणारी ही आत्या, या दोघी सामाजिक दृष्ट्या परस्परांच्या वैरिणी व्हावयास हव्यात. हिंदी चित्रपटाला मात्र त्या दोघी एकाच साच्यातल्या वाटल्या. बाई जुन्याच्या नावाने सत्ता गाजवो की नव्याच्या, सत्ता गाजवणारी बाई ती दुष्टच, हा त्यामागचा हिशेब. यात अभिनेत्रीचा दोष नाही, आणि तिचे श्रेयही मर्यादित आहे. संहितेने जिथे व्यंगचित्र मागितले तिथे त्यांनी ते दिले आहे, एवढेच म्हणता येईल.

येथे लोकमानसातील सासूचा विचार टाळता येत नाही. जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची आणि मंगळागौरीची गाणी यांतून खाष्ट सासू शतकानुशतके तयार होऊन बसली होती. पुराणाने मंथरा दिली होती. पेशवाईच्या स्मृतीने आनंदीबाई दिली होती, आणि तिच्या नावावर ‘ध’चा ‘मा’ करण्याची गोष्ट चिकटवून दिली होती. १७७३ सालचा नारायणरावाचा खून हा इतिहास. एका अक्षराच्या बदलाने तो घडविला, ही दंतकथा. ‘रामशास्त्री’त ललिताबाई याच आनंदीबाई होतात, हा योगायोग मोठा सूचक आहे. जिचे सगळे चरित्र एका अक्षराच्या दंतकथेने गिळले, त्या स्त्रीची भूमिका त्या अभिनेत्रीकडे आली, जिचे सगळे चरित्र पुढे एका चपराकेच्या दंतकथेने गिळावयाचे होते. असो. मुद्दा असा की, सासूची जागा भाषेत अगोदरच आखलेली होती. ललिताबाईंनी ती रिकामी जागा भरली, आणि ती इतकी पुरी भरली की मूळ जागाच त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

घरातल्या कजाग सासूला ‘ललिता पवार’ म्हणणे हा मराठी आणि हिंदी भाषकांचा रोजचा व्यवहार आहे. विशेषनामाचे सामान्यनाम होण्याची उदाहरणे आपल्याकडे थोडी नाहीत. भांडणे लावणारा नारद, कपटी मामा शकुनी, कान फुंकणारी मंथरा, दारूबाज तळीराम. यांपैकी पहिले तीन पुराणांनी दिले, चौथा गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ने. पण या सर्व व्यक्तिरेखा आहेत. तळीरामाची भूमिका अनेक नामवंतांनी गाजविली, तरी व्यसनी माणसाला कोणी त्या नटाच्या नावाने हाक मारीत नाही. ललिताबाईंच्या बाबतीत नेमके उलट घडले. ज्या पात्रांमुळे हा लौकिक झाला, त्या पात्रांची नावे बहुतेकांना आठवत नाहीत. अभिनेत्रीचे नाव भाषेत शिरले. याचा अर्थ स्पष्ट आहे. तळीरामाचा कर्ता गडकरी. या सासूला मात्र असा एक कर्ता नाही. निरनिराळ्या लेखकांनी आणि दिग्दर्शकांनी, बहुधा फारसा विचार न करता, तुकड्या-तुकड्यांनी लिहिलेल्या भूमिकांतून एक सलग व्यक्तिरेखा घडविली ती अभिनेत्रीने. लांबवून टाकलेला टोमण्याचा स्वर, बोलण्यापूर्वीचा क्षणभराचा अबोला, मान किंचित कलती करून समोरच्याला आपादमस्तक न्याहाळणे, ही सगळी त्या व्यक्तिरेखेची भाषा त्यांची स्वतःची आहे. लोकांनी तिच्यावर त्यांचे नाव घातले, हे कर्तृत्वाची नोंद करण्यासारखेच झाले. आख्यायिकेत नायकाने आपले वृत्त आपण सांगावे, ही भामहाची अट या अर्थी येथे पुरी होते.

कर्ता आपल्या निर्मितीत फेरफारही करू शकतो, आणि कर्तृत्वाची खरी परीक्षा तेथे लागते. ‘सुजाता’ (१९५९) मध्ये बिमल रॉय यांनी त्यांना सोवळ्याओवळ्याचे कडक आचरण असलेली वृद्धा केली आहे. अस्पृश्य कुळात जन्मलेली मुलगी आपल्या आप्तांच्या घरात वाढते, हे तिला सहन होत नाही. ही भूमिका क्रूरपणे केली असती तर चित्रपट सोपा झाला असता. ललिताबाईंनी तिच्यात द्वेष जवळजवळ ठेवलाच नाही. ठेवली ती श्रद्धा. बाईचा आवाज चढत नाही. आपण म्हणतो ते धर्माचे आहे आणि म्हणून त्यावर वाद संभवत नाही, असा तिचा शांत भरवसा असतो. समोर चारूच्या भूमिकेत सुलोचनाबाई आहेत. माया आणि रूढी यांच्यात घुटमळणारी ती आई आणि न घुटमळणारी ही वृद्धा, या दोन मराठी अभिनेत्रींमधले प्रसंग पाहिले म्हणजे अस्पृश्यतेचे बळ दुष्ट माणसांत नसून सज्जनांच्या निर्धास्तपणात कसे असते, ते कळते.

त्याच वर्षीच्या ‘अनाडी’तील मिसेस डिसा ही तर साच्याची सरळ उलटापालट आहे. हृषीकेश मुखर्जी यांनी सासूची सगळी सामग्री तशीच ठेवली : तिखट जीभ, करडी शिस्त, भाडेकरूवर सतत चाललेली खरडपट्टी. फक्त तिच्या तळाशी माया ठेवली. तोंड आणि मन यांची ही विसंगती अनेक अभिनेत्री दाखवू शकतील. परंतु प्रेक्षक ज्या चेहऱ्याला भ्यावयास शिकला आहे त्या चेहऱ्यावर ती दिसणे, ही गोष्ट वेगळी. ही बाई चित्रपटाच्या उत्तरार्धात सदोष औषधाने मरते आणि राज कपूरच्या नायकावर तिच्या मृत्यूचा आळ येतो. तिची आठवण नसती तर तो उत्तरार्ध निव्वळ खटल्याचा मामला झाला असता. या भूमिकेसाठी त्यांना सहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. ‘सहाय्यक’ हा शब्द अशा वेळी विचित्र वाटतो. घराला तुळई जितकी सहाय्य करते तितकेच हे सहाय्य आहे.

तथापि सर्वांत धाडसी भूमिका ‘प्रोफेसर’ (१९६२) मधली, आणि तिच्याकडेच अभ्यासकांचे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. योगायोग असा की हीही सीतादेवीच. भाच्यांवर करडी नजर ठेवणाऱ्या या प्रौढ स्त्रीच्या घरी शम्मी कपूरचा तरुण नायक म्हाताऱ्या शिक्षकाच्या सोंगात येतो, आणि बाई त्या सोंगाच्या प्रेमात पडते. प्रसंग उघडउघड प्रहसनाचा आहे. वय झालेल्या स्त्रीने नटावे, लाजावे आणि प्रेक्षकांनी तिला हसावे, अशीच त्याची योजना. ललिताबाईंनी हसू येऊ दिले आहे, पण स्वतःच्या पात्राला त्या हसलेल्या नाहीत. ज्या चेहऱ्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्रेमाला पहारा दिला, त्याच चेहऱ्यावर उशिरा आलेली हुरहूर उमटते, तेव्हा हसता हसता प्रेक्षक अडखळतो. खाष्ट सासूलाही कधी कोणी तरी हवे होते, ही शक्यता ओव्यांना सुचली नाही आणि पुराणालाही नाही. आदल्याच वर्षी ‘जंगली’ (१९६१) मध्ये, जेथे हसण्यालाच बंदी आहे अशा घराण्याची कर्ती स्त्री त्यांनी उभी केली होती. दोन्ही चित्रपटांत समोर शम्मी कपूरच आहेत. ते दोन चित्रपट लागोपाठ पाहिले म्हणजे एक कलावंत आपल्याच मूर्तीवर छिन्नी कशी चालविते, ते दिसून येते.

आता आक्षेपाचा विचार. ललिताबाईंनी सातशेहून अधिक चित्रपटांत काम केले असे सांगितले जाते. हा आकडा गौरवासाठी दिला जातो. समीक्षेच्या दृष्टीने तो अडचणीचाच आहे. एवढ्या कामातील फार मोठा भाग पुनरावृत्तीचा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तोच टोमणा, तेच डोळ्यांचे आकुंचन, सुनेच्या हातचे ताट त्याच रीतीने लोटणे. सत्तरीच्या दशकापर्यंत काही भूमिका अशा होतात की त्या अभिनेत्रीने केल्या असे म्हणण्यापेक्षा तिच्या सवयीने केल्या असे म्हणावे. धंद्याने साचा मागितला आणि त्यांनी तो नाकारला नाही. पोटाचा व्यवसाय करणाऱ्या सहाय्यक अभिनेत्रीला नकाराचे स्वातंत्र्य नायिकेइतके नसते, हे समर्थन योग्य असले तरी ते माणसाचे समर्थन आहे, भूमिकांचे नव्हे. परंतु कलावंताची किंमत त्याच्या सरासरीवरून करावयाची नसते. तसे केले तर फारच थोडे कवी शिल्लक राहतील. आणि साचा हा येथे केवळ दोष नाही. साचा इतका पक्का झाला नसता तर मिसेस डिसा आणि प्रोफेसरवर भाळणारी सीतादेवी यांना ती धारच आली नसती. हृषीकेश मुखर्जींनी ‘आनंद’ (१९७१) मध्ये मेट्रनला पुन्हा डिसा हेच आडनाव दिले, यावरून निदान एका दिग्दर्शकाने हे ओळखले होते असे दिसते.

रूपवती नायिकांच्या कीर्तीशी तुलना केली तर फरक अधिक स्पष्ट होतो. मधुबाला १९६९ साली छत्तिसाव्या वर्षी गेली. तिच्या नावाभोवतीचे वलय तिच्या अकाली मृत्यूपासून वेगळे काढता येत नाही. अशा कीर्तीला पडद्यावरचे एक स्थिर चित्र पुरते. ललिताबाईंना असे एकही चित्र नाही. त्यांची कीर्ती बोलण्यात, वावरण्यात आणि घरोघरच्या नकलेत आहे. म्हणून ती टिकाऊ, आणि म्हणूनच ढोबळ.

या ढोबळपणावर शेवटची मोहोर उमटली ती दूरदर्शनवर. रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेत (१९८७-८८) सत्तरी ओलांडलेल्या ललिताबाई मंथरा झाल्या. वाल्मीकींची मंथरा कुब्जा आहे. शरीराचे व्यंग ही मनाच्या व्यंगाची खूण मानण्याची जी जुनी रीत, तिचे ते ठळक उदाहरण; आणि ज्यांनी ‘अनाडी’ वा ‘सुजाता’ कधी पाहिला नव्हता, अशा लक्षावधी प्रेक्षकांची या अभिनेत्रीशी ओळख त्या रीतीतूनच झाली. कुबड आणि डोळा एकत्र आले, चपराकेची कथा पुन्हा नव्याने सांगितली गेली, आणि कार्यकारणाची ती जुनी साखळी पक्की झाली. १९९८ साली पुण्यात त्यांचे निधन झाले तेव्हा मागे राहिलेली प्रतिमा मुख्यतः हीच होती. कैकेयीच्या मनात विष कालवताना मंथरेच्या स्वरात जे दासीचे जुने प्रेम, मालकिणीच्या मानापमानाची जी खरी कळकळ त्यांनी आणली, तिच्याकडे मग कोणाचे लक्ष जाणार?

आख्यायिका हे अभिधान त्यांना शोभते. मात्र त्याचे कारण चपराक नव्हे, चित्रपटांची संख्या नव्हे आणि वयही नव्हे. बोलीने ज्याला त्यांचे नाव दिले तो नमुना त्यांनी स्वतः घडविला आणि निदान तीन-चार भूमिकांत स्वतःच मोडून दाखविला, हे ते कारण. यापुढचे काम तपशिलाचे आहे. ‘अमृत’ (१९४१) आणि ‘रामशास्त्री’ (१९४४) हे दोन चित्रपट त्या अपघाताच्या अलीकडे आणि पलीकडे पडतात. स्वराची फेक, बोलण्यापूर्वीचा थांबा, हातांचा वापर या तीन गोष्टी घेऊन ते दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, तर सासूची ती भाषा चपराकेनंतर घडली की तिचे उच्चार आधीच जमू लागले होते, याचा निर्णय ऐकीव गोष्टींवर अवलंबून राहणार नाही.